डाव्या भुवईची खूण

पुतळा बघायला जायचं म्हणून लक्ष्मीबाईनं सकाळी सहालाच आंघोळ करून पांढरं लुगडं नेसलं आणि त्यानंतर चार तास ती उंबऱ्यावर बसून राहिली. ज्योतिबा दोनदा म्हणाला, "आई, दुपारी जायचं हाय. समता बेळगावातनं याय नगं?"

"यिऊ दे की. मी काय तुला आडवलंय? मी बसलीया, तू तुजं कर."

या बाईशी हुज्जत घालून आजवर कुणाचं भलं झालंय? ज्योतिबानं मुकाट्यानं गाडी पुसायला घेतली. निपाणीच्या बस डेपोत वीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस, त्याची गाडी आधीच लखलखीत होती. तरी त्यानं ती तिसऱ्यांदा पुसली, कारण हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडंच जायचं.

दहा दिवसांपूर्वी मूर्तिकार परशरामचा फोन आला होता. मातीचं काम होत आलंय, साचा घालायच्या आधी घरच्यांनी एकदा बघून जावं, म्हणाला. साचा पडला की नाक नकटं राहिलं तरी नकटंच राहणार, मग मला शिव्या घालू नका. एवढं बोलून तो हसला होता, आणि शेवटी सहज म्हणाला होता, "आन् त्या भुवईवरच्या खुणंचं काय करायचं, त्ये बी ठरवून या." त्या दिवसापासून ज्योतिबाला अन्न गोड लागत नव्हतं.

धाकटी सून समता साडेबाराला लेक सौम्याला घेऊन आली. चार वर्षं झाली होती, तरी दारात गाडी थांबली आणि नुसत्या समता नि सौम्याच उतरल्या की लक्ष्मीबाईची नजर मागच्या दाराकडं जायचीच. तिचा धाकटा लेक, मेजर भीमरत्न मायाप्पा मधाळे, काश्मीरात एका जळत्या घरातनं दोन जखमी जवानांना ओढून बाहेर काढून तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला, तो परत आलाच नाही. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि सौम्या पाच. पुढं शौर्यचक्र मिळालं, दिल्लीला जाऊन समतानं ते घेतलं, पेपरात फोटो आले. आता तो शिकला त्या शाळेसमोरच्या चौकात त्याचा अर्धपुतळा बसणार होता. खालची अक्षरं कन्नडमध्ये किती नि मराठीत किती यावरनं समितीच्या सात बैठका झाल्या, पण ते रामायण वेगळंच.

गाडीत लक्ष्मीबाई पुढं बसली. जुन्या वखारीवरनं जाताना तिनं सवयीनं नाकाला पदर लावला. वखार जाऊन तिथं मंगल कार्यालय होऊनही दहा वर्षं झाली होती, पण बाईच्या नाकातनं तंबाखूची धूळ अजून गेली नव्हती. ज्योतिबानं तिकडं बघितलंच नाही. याच वखारीत तेराव्या वर्षी तो तंबाखू चाळायला लागला होता. बाप, मायाप्पा, त्या साली छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला आणि दोघांतल्या एकाची शाळा सुटणार हे ठरलं. मोठा म्हणून ज्योतिबाची सुटली. त्याबद्दल त्यानं कधी कुणाला बोल लावला नाही. त्याला खात होतं ते त्याच आठवड्यातलं दुसरंच.

त्या दिवशी आई कामावर होती आणि बापाला डॉक्टरकडं नेलं होतं. ज्योतिबा अंगणात बसून विळ्याला धार लावत होता. सात वर्षांचा भीमरत्न, घरचा भीमू, दारात बसून वाचत होता. वाचत होता म्हणजे ओरडत होता. त्याला मनात वाचता यायचंच नाही. हातात पुस्तक ज्योतिबाचं, सातवीचं, चार दिवसांपूर्वी दप्तरासकट त्याला देऊन टाकलेलं. "मनात वाच," ज्योतिबा म्हणाला. भीमू आणखी मोठ्यानं वाचायला लागला. "गप बस म्हंतोय न्हवं?" भीमूनं जीभ दाखवली आणि पुढची ओळ घेतली. ज्योतिबाच्या हातातला विळा कसा सुटला ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्याला एवढंच कळलं की तो सुटला नव्हता, त्यानंच भिरकावला होता.

डोळा वाचला. भुवई चिरली. रक्त पुस्तकावर सांडलं, आणि पोरगं रडलंच नाही. भावाचा पांढराफटक चेहरा बघून तेच म्हणालं, "अण्णा, मी पाट्यावर पडलो म्हणू या. न्हायतर आई तुला लई मारंल." दाराशेजारी भिंतीला उभा केलेला पाटा होता खरा. सात वर्षांच्या पोरानं एका दमात सगळं जुळवलं आणि ते मरेपर्यंत मोडलं नाही.

पाटा सकाळी तिथं कुणी उभा करून ठेवला होता, याचा विचार मात्र दोघांपैकी एकानंही केला नव्हता.

परशरामची शेड सदलग्याच्या रस्त्याला होती. पुतळा समितीचे अध्यक्ष आण्णाप्पा आधीच येऊन खुर्ची अडवून बसले होते. निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचा. ते फोनवर कुणाला तरी कन्नडमधनं उद्घाटनाची तारीख सांगत होते. यांना बघून त्यांनी फोन ठेवला, "जय भीम, लक्ष्मीआक्का," म्हणाले आणि खुर्ची तिला दिली. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त दोन वाक्यांत होणाऱ्या कामाला वीस वाक्यं लावायचा.

फिरत्या पाटावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. परशरामनं हात धुतले, पुसले आणि फडकं हळूहळू सोडवलं.

शाडूचा करडा भीमरत्न डोक्यावर तिरपी टोपी घालून, हनुवटी किंचित उचलून त्यांच्याकडं बघत होता. समतानं सौम्याचा खांदा धरला. बाहेरनं ऊस भरलेला ट्रॅक्टर जोरजोरात गाणी लावून गेला, तो जाईपर्यंत सगळे तसेच थांबले.

लक्ष्मीबाई उठली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. ती सरळ पुतळ्याजवळ गेली आणि परशरामला विचारलं, "हात लावू काय रं?"

"लावा की. बोटं उमटली तरी मी पुसतो."

तिनं कान चाचपला. "कान बराबर हाय. कान बापाचा." नाकावरनं बोट फिरवलं. "नाक जरा सरळ केलंयस. हुतं वाकडं, पर चालतंय." ओठांपाशी ती थोडी जास्त थांबली. मग बोट वर सरकत डाव्या भुवईवर गेलं, एकदा इकडं गेलं, एकदा तिकडं. "हितली खूण कुठं हाय?"

परशरामनं आण्णाप्पांकडं बघितलं. आण्णाप्पांनी घसा साफ केला.

"त्याचं असं हाय लक्ष्मीआक्का, पुतळा म्हणजे आदर्श. शेकडो मुलं रोज त्याच्यासमोरनं शाळेला जाणार. शौर्यचक्रविजेता अधिकारी म्हटल्यावर चेहरा कसा तेजस्वी, निष्कलंक—"

"कलंक व्हय त्यो?" लक्ष्मीबाई म्हणाली.

"तसं न्हाय म्हणत मी. पर लोक म्हणतील मूर्तीत खोट राहिली. समितीतल्या सगळ्यांचं मत हाय, नको. सरकारी फोटोत तरी कुठं हाय? स्टुडिओवाल्यानं काढूनच टाकलीया."

"आणि तुमचं मत, अण्णा?" समतानं ज्योतिबाला विचारलं. ती बेळगावात कॉलेजात शिकवत होती, पण दिराला नवऱ्याप्रमाणंच अण्णा म्हणायची. अण्णा आपल्या बाजूनंच बोलणार याबद्दल तिला शंकासुद्धा नव्हती.

ज्योतिबा जमिनीकडं बघत म्हणाला, "गुरुजी म्हणत्यात त्ये बराबर हाय. नगं खूण."

"काय?"

"कशाला पायजे? झालं गेलं. चांगला दिसतोय की असाच."

चार वर्षांत हा माणूस समताच्या पाठीशी भिंतीसारखा उभा होता. नोकरी सोडून निपाणीला ये म्हणणाऱ्या भावकीला यानंच गप्प केलं होतं. पेन्शनच्या कागदांसाठी डेपोतनं रजा काढून हाच तिच्याबरोबर हेलपाटे घालत होता. आज पहिल्यांदाच तो समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता, आणि कारण काही केल्या कळत नव्हतं.

"अण्णा, सौम्या व्हिडिओ कॉलवर रोज त्या खुणेवर बोट ठेवायची. 'पप्पा, इथं काय झालं?' रोज तेच, आणि ते रोज तिला नवीन गोष्ट सांगायचे. आज काय वाघानं ओरबाडलं, उद्या काय चंद्रावरनं पडलो. तिला तेवढंच नीट आठवतंय. तेवढंही काढून टाकायचं?"

"खूण नसली तर ते दुसरेच कुणीतरी काका वाटतात," सौम्या म्हणाली. नऊ वर्षांची पोर, तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. आण्णाप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"गुरुजी," लक्ष्मीबाई खुर्चीवर बसत म्हणाली, "खूण ऱ्हायला पायजे. ती माजी चूक हाय. माजी चूक तुमी कोण झाकणार?"

"आई, तू गप बस," ज्योतिबा घाईनं म्हणाला.

"का गप बसू? जगाला ठावं हाय. दिवाळीच्या सारवणाला मी पाटा उचलून दाराशेजारी उभा केल्ता. कामाला उशीर हुईल म्हणून जाग्याला ठेवला न्हाय. आन् पोरगं माजं त्याच्यावर पडलं. जरा खाली लागलं असतं तर डोळा गेल्ता. डोळा गेला असता तर मिलिट्रीत कुणी घेतला असता व्हय त्याला?" ती थांबली. पुढचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "तकडनं त्याला आणला न्हवं, तवा माज्या मनात काय आलं सांगू? म्हटलं, त्या दिशी माज्या पाट्यानं डोळा गेला असता तर आज माजं लेकरू घरात असतं. आसं बी आलं मनात. आई हाय का कोण हाय मी!"

"आई!" समता तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली.

तो पाटा आईनं त्याच आठवड्यात शेजारच्या भरमूच्या घरी देऊन टाकला होता, हे ज्योतिबाला आठवलं. त्यानंतर घरात चटणी वाटायची झाली की ती वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात जायची, आणि लोक हसले तरी तिनं नवा पाटा घेतला नाही. त्याला वाटायचं, आईची खोड. तीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण एक खोटं बोललो आणि ते आपल्याला खातंय. ते आपल्याला नाही, म्हातारीला खात होतं, हे त्याला आज, या शेडमध्ये, पहिल्यांदा कळलं.

आण्णाप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. "असू दे. खूण राहू दे," ते म्हणाले. वीस वाक्यांच्या माणसानं दोनच वाक्यं बोलून विषय संपवला.

परशरामनं लाकडी कोरणी उचलली. "खूण करणं अवघड न्हाय. पर मला सांगा, दगडावर पडून लागलं तर कातडी फुटतीया, कड वेडीवाकडी व्हतीया. घरच्या फोटोत नुसती पांढरी रेघ दिसतीया. सरळ हाय, बारीक हाय. खोल कुठल्या अंगाला हुती?"

"मी आले तवर चिंधी बांधलेली," लक्ष्मीबाई म्हणाली. "पुढं टाकं पडलं. कुणाला ठावं?"

"बरं. दगड म्हणजे मधनं फुटली आसंल. नाकाकडनं जरा दाबून घेतो." परशरामनं कोरणीचं टोक भुवईच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि तो वाकला.

"तसं न्हाय."

आवाज ज्योतिबाचा होता. त्याला स्वतःलाही तो उशिरा ऐकू आला.

परशराम थांबला. "मग कसं, ज्योतिबा?"

ज्योतिबाचा उजवा हात उठला होता. तो त्यानं खाली घ्यायला बघितलं, पण हात ऐकेना. "कानाकडनं," तो म्हणाला. "वरनं तिरकी खाली. कानाकडं खोल, आन् नाकाकडं येता येता उथळ. कड एकदम साफ." तो आईसमोर जाऊन जमिनीवरच बसला. "पाटा न्हवता आई. पाट्यावर कोण पडलंच न्हाय. मी विळा फेकून मारला. माजं पुस्तक मोठमोठ्यानं वाचत हुता, माझ्याच्यानं ऐकवंना. त्योच म्हणला, पाट्याचं नाव घिऊ. तुज्या मारातनं मला वाचवाय म्हणला. तू सवताला लावून घेशील ह्ये आमाला कुठलं कळायला? तुजा कायबी दोष न्हवता आई. कवाच न्हवता."

आण्णाप्पा बाहेर जावं की बसावं या विचारात अर्धवट उठून तसेच राहिले.

समता हळू आवाजात म्हणाली, "मलाही पाट्याचंच सांगितलं होतं. आठ वर्षांच्या संसारात एकदाही—" तिनं डोळे पुसले. "पण अण्णा, एक सांगते. रविवारी दाढी करताना आरशात बघत भुवईवरनं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, 'अण्णाला फोन लावायला पाहिजे.' दर रविवारी. मला वाटायचं, दाढीचा नि अण्णांचा काय संबंध?"

ज्योतिबाला ते रविवारचे फोन आठवले. सकाळी साडेआठ. "अण्णा, जेवलास काय?" एवढ्या सकाळी कोण जेवतं, म्हणून तो दर वेळी भावाला वेड्यात काढायचा. आता त्याला रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

लक्ष्मीबाईनं हात उचलला आणि त्रेचाळीस वर्षांच्या, केस पिकायला लागलेल्या लेकाच्या गालावर एक सणसणीत चपराक दिली. सौम्या दचकली.

"ही तवाची," लक्ष्मीबाई म्हणाली.

"व्हय," ज्योतिबा म्हणाला.

"ऱ्हायल्ती. त्या दिशीच खाल्ली असतीस तर सांजंला इसारला असतास. तेरा वर्साचं प्वार तू. दप्तर घ्यून दिलं हुतं आमी तुजं. मला बी दिसत हुतं की तू जेवत न्हाईस, बोलत न्हाईस. दिसून मी कामाला गेलते." तिनं त्याच हातानं त्याचा गाल पुसला, मग नाकही पुसलं, पदरानं, लहानपणी पुसायची तसं रगडून. "ऊठ आता. परशराम खोळंबलाय."

"आई, मला जरा—"

"त्याच्याकडची ती काठी घे. तुला ठावं हाय न्हवं, किती खोल हुती ती? मग तूच घाल."

"मी?" ज्योतिबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मी न्हाय, आई. एकदा केलंय त्येच बास हाय."

"अण्णा, घाला," समता म्हणाली. "तुमच्याशिवाय ती कुणाला बरोबर जमणार?"

परशरामनं कोरणी पाण्यात बुडवली आणि त्याच्या हातात दिली. "मऊ माती हाय," तो म्हणाला, "जोर लावायचा न्हाय. नुसतं टेकवून वढायचं. चुकलं तर मी लिपतो, पुन्यांदा घाला."

ज्योतिबा पुतळ्यासमोर उभा राहिला. इंजिनाच्या पोटात हात घालून अंधारात नट फिरवणारा माणूस, पण त्याला कोरणी धरता येईना. सौम्या येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि टाचा उंच करून तिनं भुवईवर बोट ठेवलं. "इथनं सुरू व्हायची, मोठे पप्पा. मला माहितीय."

"व्हय गं बाय. तिथनंच."

त्यानं डावा हात भावाच्या गालाला लावला. माती गार होती. उजव्या हातानं कोरणी टेकवली आणि कानाकडनं नाकाकडं, तिरकी, अगदी हळू ओढली. पहिली रेघ उथळ आली. त्यानं पुन्हा एकदा कोरणी सुरुवातीच्या जागी नेली आणि तिथं थोडी दाबली. मग तो मागं सरला.

समतानं तोंडावर हात धरला. इतका वेळ समोर मेजर मधाळे होते. आता तिचा नवरा होता, फोनवर हसताना ज्याची एकच भुवई मोडायची तो.

"बास," परशराम म्हणाला. "आता मी हात लावत न्हाय."

लक्ष्मीबाई पुन्हा पुतळ्याजवळ गेली. तिनं डोळे मिटूनच घेतले, तसेही ते फारसे कामाचे नव्हते. बोट भुवईवर नेलं. यावेळी त्याला शोधावं लागलं नाही. आंघोळ घालताना, तेल लावताना, सुट्टीवर आलेल्या वर्दीतल्या लेकाच्या तोंडावरनं हात फिरवताना जिथं ते जाऊन थांबायचं तिथंच ते थांबलं.

"आला," ती म्हणाली. "आला गं बाई माजा."

मग बोट खुणेवरनं न काढता ती म्हणाली, "लई दुखलं हुतं काय रं?"

"त्यो रडला बी न्हाय, आई," ज्योतिबा म्हणाला. "टाकं घालताना बी न्हाय. डाक्टर म्हणला, पोरगं दगडाचं हाय."

लक्ष्मीबाईनं डोळे उघडले आणि मान वळवून थोरल्याकडं बघितलं.

"त्याला न्हाय इचारलं," ती म्हणाली. "तुला इचारतीया."